कॉलरमधला भुसा

बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या कॉलरवर लांब केस सापडतात, मला भुसा सापडला. आणि खरं सांगते, केस सापडला असता तर मी एवढी हबकले नसते. केसाचा सोक्षमोक्ष एका भांडणात लावता येतो. भुशाशी काय भांडणार?

तुम्ही म्हणाल, झाडं छाटणाऱ्याच्या अंगावर भुसा नाही तर काय अत्तर सापडणार? जरा दम धरा. आमच्या ह्यांच्याकडे लांब दांड्याची करवत आहे, बॅटरीवर चालणारी. जमिनीवर उभं राहून दांडा वर करायचा, टोकाला साखळी गरगर फिरते आणि फांदी कापते. शिडी नको, झाडावर चढणं नको. पण त्यात मेख अशी, की दांडा सरळ डोक्यावर धरला तर कापलेली फांदीही सरळ डोक्यावर येते. म्हणून बाजूला उभं राहायचं आणि दांडा तिरका धरायचा. तिरका धरला की तो दुप्पट जड लागतो, खांदे भरून येतात, पण फांदी पडते तिकडे आणि माणूस राहतो इकडे. ह्यांनी इतकी वर्षं दांडा तिरकाच धरला. बाह्यांवर भुसा, पँटवर भुसा, बुटात तर मूठभर भुसा. पण कॉलरच्या आत, मानेशी, कण नाही. मी शिवणकाम करते, लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देते. कपडा काय सांगतो ते मला कोणी शिकवायला नको. मानेशी भुसा म्हणजे तो वरून सरळ पडला. म्हणजे हा माणूस फांदीच्या खाली उभा होता.

आणि हा माणूस फांदीखाली उभा राहील? शक्यच नाही! गल्लीत ह्यांना कोणी नावानं ओळखत नाही, 'लांबव्हा' म्हणतात. करवत सुरू करण्याआधी हे चारी बाजूंनी ओरडतात, "लांब व्हा! अजून लांब!" मग घरमालक असो, घरमालकाची सासू असो, नाहीतर कुंपणावरचं मांजर. दांड्याच्या दुप्पट अंतरावर दोरी बांधतात आणि त्या दोरीच्या आत ह्यांच्याशिवाय चिटपाखरू येता कामा नये. काही बोलायचं असेल तर दोरीबाहेरून, समोर येऊन, हात वर करायचा. मागून हाक मारायची नाही. कानावर आवाज अडवणारे गोळे असतात आणि नजर वर असते. अशात मागून कोणी खांद्याला हात लावला आणि हे दचकून फिरले, तर ती साखळी काही बघत नाही कोण आपलं आणि कोण परकं.

त्याहून गंमत म्हणजे पळायची वाट. फांदी वेडीवाकडी सुटली तर आपण कुठल्या बाजूला पळायचं, ते हे आधीच ठरवतात आणि ती वाट पायानं साफ करतात. काटक्या, दगड, कुणाची राहिलेली चप्पल, सगळं लाथेनं बाजूला. हॉटेलात शिरले की आधी छताकडे बघतील, मग दाराकडे, मग कुठे माझ्याकडे. आमची मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आले ते ना माझ्याकडे बघितलं ना पोरीकडे. खाटेवरच्या पंख्याकडे बघितलं आणि नर्सला म्हणाले, "बाई, खाट जरा अलीकडे घेता येईल का?" माझा पारा असा चढला म्हणून सांगू! नर्स बिचारी हसली आणि तिनं खाट सरकवली.

हा स्वभाव काही जन्मजात नाही. तरुणपणी हे कुऱ्हाड आणि दोर घेऊन वर चढायचे, एका उस्तादाच्या हाताखाली. तो उस्ताद एकदा अर्धी कापलेली फांदी बघत खालीच उभा राहिला, अजून वेळ आहे म्हणून. उरलेलं आयुष्य त्यानं खाटेवर काढलं. ह्यांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून फांदी म्हटली की ह्यांना संशय. निलगिरीवर तर काडीचा विश्वास नाही. "वारा नाही, पाऊस नाही, आणि ती बया धडधाकट फांदी टाकून देते," म्हणतात. मीही संशयीच, लपवत नाही. दोघांत फरक एवढाच, की त्यांच्या संशयाला लोक सावधपणा म्हणतात आणि माझ्या संशयाला संशय.

तर असा माणूस, आणि कॉलरमध्ये भुसा. मनात पाल चुकचुकली. मी शर्ट झटकत सहज विचारलं, "आज मानेवर बरा भुसा आला हो?"

"वारा होता."

पुढच्या वेळी म्हणाले, नवी साखळी आहे, भुसा उडवते. त्याच्या पुढच्या वेळी, फांद्या उचलताना मान खाली गेली असेल. एका प्रश्नाला तीन उत्तरं आली की खुशाल समजावं, खरं चौथंच आहे. वर विचारतात, "तू आता माझ्या कॉलरींवर पाळत ठेवणार का?" ठेवणार! का नाही ठेवणार?

मग मी धाकट्याला गाठलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. नावाचाच धाकटा, टक्कल पडलंय आणि घरी दोन लेकरं आहेत. लग्नानंतर हे मला म्हणाले, तुझ्या भावाचं कुठे बस्तान बसत नाही तर माझ्याबरोबर येऊ दे. तेव्हापासून दोघं एकत्र. करवत ह्यांच्या हातात. धाकट्यानं दोरी बांधायची, दोरीबाहेर उभं राहून येणारे-जाणारे अडवायचे आणि काम झालं की फांद्या ओढून गाडीत भरायच्या. चहाला आला होता. मी समोर कप ठेवला आणि विचारलं, "काय रे, दाजी हल्ली फांदीखाली उभे राहतात का?"

"छे गं ताई."

"मग मानेशी भुसा कुठून येतो?"

"मला काय माहीत." आणि जो मिठाची गुळणी धरून बसला तो बसलाच. कप तोंडाला लावायला वाकला तशी मी त्याची कॉलर मागून उलटली. बघते तर काय, ह्याच्याही मानेशी भुसा! ह्यांच्याइतकाच. अरे, दोरीच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मानेवर भुसा जातोच कसा? "भुईतून उगवला का रे?" म्हटलं. तो कप तसाच टाकून उठला, काम आठवलं म्हणे.

आता माझं डोकं चहूकडे धावायला लागलं. हे दुपारी दुसरीकडे कुठे जातात आणि करवत धाकटा चालवतो की काय? दोघं मिळून काही लपवताहेत हे नक्की, पण काय? माहेरच्या माणसांवर बाई संशय घेत नाही म्हणतात. मी कोणालाच सोडत नाही.

शेवटी माझ्या धंद्यातलीच युक्ती केली. टेप गळ्यात अडकवला आणि म्हटलं, "या इकडे, नवा शर्ट शिवतेय तुम्हाला. हात वर करा."

ह्यांनी डावा केला.

"उजवा."

"माप डाव्याचंही चालतं की."

"शिंपीण मी का तुम्ही? उजवा करा."

उजवा हात खांद्याइतका आला आणि तिथेच अडला. चेहरा कोरा ठेवला होता, पण कपाळावर घाम. मग एकदम आठवल्यासारखं करून कान खाजवायला गेले, आणि मी बघतेय, तर हात कानापर्यंत जाईना म्हणून मान हाताकडे आणली! मी पटकन टाचण्या तोंडात धरल्या. बोलायची सोय उरली नाही हे एक बरं झालं.

मग सगळं लख्ख कळलं. दांडा तिरका धरला की सगळा भार उजव्या खांद्यावर. उभा धरला की हलका. खांदा गेला होता, म्हणून हा माणूस रोज फांदीच्या खाली उभा राहत होता. आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. जड फांदी कापताना आधी खालच्या बाजूनं छोटा काप द्यायचा असतो, मग थोडं पुढे वरून कापायचं. खालचा काप नसला तर फांदी अर्ध्यात मोडते, साल सोलत खोडापर्यंत फाटत येते आणि कुठे आदळते ते देवालाही सांगता यायचं नाही. वरून कापताना करवत आपल्या वजनानं खाली जाते. खालून कापायला ती वर रेटावी लागते. ज्याचा हात कानापर्यंत जात नाही, तो करवत वर कशी रेटणार?

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"कशाला? मला काय झालंय?"

"खांदा."

"माझे खांदे ठणठणीत आहेत. तू तुझी पाठ सांभाळ, दिवसभर मशीनवर वाकून बसतेस." आणि बाहेर गेले. मी भांडले, रुसले, तीन दिवस अबोला धरला, तरी ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मला कळत नव्हतं असं नाही. सगळ्या गावाला लांब करणारा हा माणूस, ह्याला दोरीबाहेर उभं राहून फांद्या ओढ म्हणून सांगायचं कोणी? पण मला नवरा जिवंत हवा होता. त्याचा मान गेला चुलीत! बाहेर कुठे मोठा आवाज झाला तरी माझी सुई कापडाऐवजी बोटात जायची. एक ना एक दिवस कोणीतरी दारात येऊन मान खाली घालून उभं राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून एका सकाळी मी ह्यांच्या पिशवीतला डबा हळूच काढून ठेवला. हे निघून गेले. मग तोच डबा घेऊन मी मागोमाग. विसरलात म्हणून आणला, असं सांगता आलं असतं. संशय घ्यायचा तर तयारीनं घ्यावा.

काम वाचनालयाच्या मागच्या अंगणात होतं. वाचनालयाला त्या दिवशी सुट्टी होती. दारावरच्या पहारेकऱ्यानं मला बघितलं आणि कुरकुर सुरू केली. "त्या दोघांना भेटायचंय? मला तर जवळ फिरकू देत नाहीत. खुर्ची टाकून बसलो होतो, तिथूनसुद्धा उठवलं. लांब व्हा, लांब व्हा! माझंच अंगण आणि मलाच लांब!"

मी इमारतीला वळसा घालून मागे गेले. अंगणात मुलांना वाचायला बसण्यासाठी बाक होते, ते सगळे भिंतीशी सरकवलेले. मधोमध जुनी निलगिरी. चारी बाजूंनी दोरी, अगदी नियमानं. खोडावर एका ठिकाणी साल लांबलचक सोलून लोंबत होती. सकाळीच एक फांदी तशी फाटून आली असणार. आणि दोरीच्या आत आमचे हे, माझ्याकडे पाठ करून, एका वाळक्या जाडजूड फांदीच्या बरोब्बर खाली. दांडा काठीसारखा उभा. करवत किंचाळतेय, भुसा हेल्मेटवर, मानेवर झरझर पडतोय.

आणि ह्यांच्या मागे, हातभर अंतरावर, धाकटा.

दोरीच्या आत! मान वर, नजर फांदीवर, एक पाय मागे रोवलेला आणि दोन्ही हात ह्यांच्या पाठीवरच्या पट्ट्याशी, शिवायचे नाहीत एवढेच लांब. करवतीचा पट्टा असतो ना, खांद्यावरून पाठीमागे जाणारा, तो. फांदी सुटली तर पट्ट्याला धरून माणसाला मागे खेचायचं, असा त्याचा बेत मला बघताक्षणी कळला. आणि ह्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. कान बंद, डोळे वर, त्यांना काय कळणार?

माझा नवरा आणि माझा भाऊ, दोघं एका फांदीखाली!

जिवाच्या आकांतानं ओरडावंसं वाटलं. ओरडायची सोय नव्हती. धावत जाऊन दोघांना धरून ओढावंसं वाटलं. तीही सोय नव्हती. मागून गेले असते तर धाकटा दचकला असता, धाकट्याचा हात लागून हे दचकले असते, आणि पुढचं मी बोलत नाही. ह्यांचाच नियम होता, तोच पाळायला हवा होता. मी दोरीच्या बाहेरून समोर जायला निघाले. डोळा फांदीवरून हलत नव्हता. खालचा काप नव्हता, मला दिसत होतं. वरचा काप खोल खोल जात होता.

समोर पोचले आणि दोन्ही हात वर केले. एका हातात डबा तसाच. हे वरच बघत होते. बघा ना खाली, एकदा तरी बघा, म्हणून मी डबा हलवायला लागले. मग त्यांनी खाली नजर टाकली, आणि मी दिसले.

बोट सुटलं. साखळी थांबली. करवत खाली घेऊन ते पळायच्या वाटेनं मागे वळले आणि धाकट्यावर आदळले.

मग ह्यांनी एकदा वर अर्ध्या कापलेल्या फांदीकडे बघितलं, करवत पट्ट्यातून सोडवून तिथेच टाकली, डाव्या हातानं धाकट्याची गचांडी धरली आणि त्याला फरफटत दोरीच्या बाहेर आणलं. बाहेर आल्यावर कानावरचे गोळे खेचून काढले.

"तू आत काय करत होतास?"

धाकटा बाहीवरचा भुसा झटकायला लागला.

"विचारतोय मी! किती दिवस चाललंय हे?"

"तुम्ही खाली उभं राहायला लागलात तेव्हापासून."

ह्यांनी खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता त्याच्यावर. "माझ्या वाटेवर उभा होतास! फांदी सुटली असती तर मी मागे पळणार आणि तू मध्ये! दोघंही खलास झालो असतो, गाढवा!"

धाकट्यानं गालावर हातसुद्धा ठेवला नाही.

"आणि मला का नाही सांगितलंस?" माझाही तोंडाचा पट्टा सुटला. "चहा ढोसताना तोंड शिवलं होतं का तुझं?"

"दाजी म्हणाले होते, ताईला सांगितलंस तर उद्यापासून मी एकटा जाईन." तो माझ्याकडे वळला. "एकटे गेले असते ना गं. मग काय केलं असतं?"

ज्याच्यावर मी इतके दिवस दात खात होते, तो हा. मला रडू फुटलं. संतापानं की कशानं, मलाच कळेना.

हे बाकावर बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला काही झालं असतं, तर तुझ्यासमोर मी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"आणि तुम्हाला झालं असतं," मी म्हटलं, "तर हा कुठल्या तोंडानं आला असता?"

स्वतःचा जीव त्यांनी केव्हाच पणाला लावून टाकला होता, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. दुसऱ्याचा जीवही त्याच फांदीखाली होता, हे मात्र त्यांना गिळता येत नव्हतं. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो माझ्यापासून लपवला नाही.

पण फांदी वर होती, अर्धी कापलेली. ती तशी सोडून घरी जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलं त्याच बाकांवर येऊन बसणार. हे उठले. मला वाटलं पुन्हा आत जातात. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पट्टा अजून खांद्यावरच होता आणि तो डोक्यावरून काढायला हात वर जायला हवा होता. एरवी मदतीला कोणी पुढे झालं की झटकून टाकायचे.

"काढ," म्हणाले.

मी काढला. त्यांनी मान वाकवून दिली, लहान मुलासारखी.

मग धाकट्याला म्हणाले, "आधी जागा बदल. तिथे, बाजूला. दांडा तिरका. जड लागेल, लागू दे. पहिला काप खालून, माझ्या कापाच्या थोडा अलीकडे, खोडाच्या बाजूला. घाई करायची नाही. आणि आत तू एकटा. मागे कोणी नाही, हे लक्षात ठेव."

पट्टा मीच धाकट्याच्या गळ्यात घातला. ह्यांच्या मापाचा होता, धाकट्याला ढगळ व्हायला लागला, म्हणून बक्कल दोन भोकं आत घेतलं. मापं घ्यायचा माझा धंदाच आहे, हात आपसूक चालले. बक्कल अडकलं तेव्हा लक्षात आलं, की एकाला सोडवलं आणि दुसऱ्याला मी माझ्याच हातानं बांधलं.

"घाबरलायस का रे?" हळूच विचारलं.

"छे गं ताई," तो म्हणाला.

मी त्याला लहानपणापासून ओळखते. खोटं बोलत होता.